पाव आपापला

ट्यूनिसच्या जुन्या शहरात, बाब जदीदच्या वेशीपाशी लोहारांची गल्ली जिथे वळते, तिथे दलेंदाचं लबलाबीचं, म्हणजे चण्यांच्या रश्शाचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. कोणी त्याबद्दल विचारलंच तर दलेंदा म्हणते, "ज्याला भूक आहे त्याला वास येतो. ज्याला वास येत नाही त्यानं आधी डॉक्टरकडे जावं."

दलेंदाची जीभ अशीच. साठीला आलेली बाई, अंगानं रुंद, डोक्याला घट्ट रुमाल. समोर गळ्यापर्यंत भरलेला तांब्याचा हंडा, त्यात रात्रभर भिजून पहाटेपासून शिजणारे काबुली चणे. सगळ्या वस्तीची ती खालती, म्हणजे मावशी. वस्तीतल्या अर्ध्या पुरुषांना तिनं कधी ना कधी चारचौघांत झापलेलं आहे, आणि ते सगळे दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत आलेले आहेत.

हे दुकान तिच्या नवऱ्याचं, हेदीचं. तो ऐन हिवाळ्यात गेला. त्याचा चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला त्या दिवशी दीर मुन्सिफ येऊन बसला आणि गळा काढून म्हणाला, "वहिनी, लबलाबीच्या हंड्याशी बाईमाणूस उभं राहिलेलं या शहरात कोणी पाहिलंय का? गिऱ्हाईक दारातून परत जाईल. दुकान मला दे, मी तुला महिन्याचं काही बांधून देतो."

"तुला पळी धरता येते?" दलेंदानं विचारलं.

मुन्सिफ मोबाईलची कव्हरं विकायचा. त्याच संध्याकाळी तिनं चणे भिजत घातले.

पण मुन्सिफ म्हणाला ते अगदीच खोटं नव्हतं. पहिले काही दिवस पुरुष दारापर्यंत यायचे, हंड्यामागे बाई बघायचे आणि एकदम काहीतरी काम आठवल्यासारखे निघून जायचे. दलेंदा मात्र पळी धरून ताठ उभी असायची. मग एका सकाळी सी तैयब, म्हणजे तैयबराव, आत आला. हा सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, लाल लोकरीच्या टोप्या, शेशिया बनवणारा कारागीर. हळू बोलणारा, कपड्यांना स्वच्छ इस्त्री. त्यानं फळीवरचा मातीचा वाडगा उचलला, कोपऱ्यातल्या टेबलाशी उभा राहिला, कोटाच्या आतल्या खिशातून आपला पाव काढला आणि वाडग्यात मोडायला लागला. वाडगा तिच्यापुढे ठेवला. खाऊन झाल्यावर म्हणाला, "हेदी जिरं जरा जास्त घालायचा, पोरी."

एवढंच. दारात घुटमळणारे दोघेतिघे त्याच्यामागून आत आले आणि दुकान चालायला लागलं. त्या एका वाक्यासाठी दलेंदा त्या माणसाला जन्मभर फुकट वाढायला तयार होती. पण त्यानं एक घासही कधी फुकट खाल्ला नाही.

आता या दुकानाची एक रीत सांगायला हवी. लबलाबीत पाव आपला आपणच मोडायचा, ही सगळ्या ट्यूनिसची रीत. कालचा पाव घ्यायचा, बोटांनी बारीक तुकडे करायचे, वाडगा पुढे करायचा. मग त्यावर चणे, कढत रस्सा, जिरं, हरिसाची लाल चटणी, ऑलिव्हचं तेल, अर्धकच्चं अंडं. दुकानात पावाची टोपली असते. पण हेदीच्या दुकानात त्याच्या बापापासून आणखी एक चाल होती. ज्याला घरून पाव आणायचा असेल त्यानं आणावा, आणि डब्यात कमी पैसे टाकावेत. विचारायचं नाही, सांगायचं नाही. आणि मुख्य म्हणजे बघायचं नाही. माणूस पाव मोडत असला की पळीवाल्यानं हंड्याकडे तोंड फिरवायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या वाडग्यात बघायचं. सी तैयबच्या टोप्यांचा धंदा बसला, बायको गेली, मुलगी फ्रान्सला गेली. त्याच्या कोटाचा आतला खिसा मात्र रोज सकाळी पावानं फुगलेला असायचा. तो एकटाच नव्हता. मबरूका नावाची धुणं धुणारी विधवा होती, वसतिगृहातली दोन पोरं होती, असे आणखी कितीतरी. त्यांची नावं घ्यायचं कारण नाही, कारण दुकानात कोणी ती कधी घेतली नाहीत.

दलेंदाची मुलगी उल्फा याच दुकानात, टेबलाखाली खेळत वाढली. आता ती एका कॉल सेंटरमध्ये बसते आणि 'सोफी' या नावानं फ्रेंच लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकते. वेशीबाहेर पिझ्झाची दोन चकाचक दुकानं उघडली आणि तरुण गिऱ्हाईक तिकडे वळलं, तेव्हा तिनं आईच्या मागे टुमणं लावलं.

"आई, आपलं फेसबुकवर पान काढू या. इन्स्टाग्रामवर पण. फोटो टाकायचे, व्हिडिओ टाकायचे."

"चण्यांचे फोटो? का, ते लग्नाला उभे आहेत?"

"सगळे टाकतात."

"सगळे पिझ्झा पण खातात."

पण हंडा दुपारपर्यंत अर्धा उरायला लागला होता आणि ते दलेंदालाही दिसत होतं. तिनं नाक मुरडून हो म्हटलं. उल्फानं पहिला व्हिडिओ टाकला तो आईचाच. एक गिऱ्हाईक म्हणतंय, "खालती, हरिसा कमी," आणि दलेंदा म्हणतेय, "मग घरी जा आणि आईचं दूध पी." लोक त्यावर लोटले. दोन दिवसांत विद्यापीठातली पोरं खास शिव्या खायला यायला लागली. मुन्सिफसुद्धा येऊन म्हणाला, "वहिनी, जरा आणखी शिव्या दे, खप वाढेल." त्याला लगेच त्याच्या वाटणीच्या मिळाल्या.

मग जानेवारीतल्या एका गारठ्याच्या सकाळी उल्फानं जरा निगुतीनं चित्रण केलं. हंड्यातून निघणारी वाफ, वाडग्यांची रांग, पाव मोडणारे हात. कुठे कापायचं, कुठे संगीत घालायचं हे ठरवताना तिनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. दलेंदानं पाहिला. मुन्सिफनं पाहिला. शेजारच्या भट्टीवरचा लोहार अम बशीर, म्हणजे बशीरकाका, त्यानं चष्मा लावून पाहिला आणि म्हणाला, "सुरेख झालाय." त्यात डाव्या कोपऱ्यात सी तैयब कोटातून पाव काढताना स्वच्छ दिसत होता. पण तो कोणालाच दिसला नाही. ज्या हातांकडे बघायचं नाही अशी आयुष्यभराची सवय, ते हात समोर नाचले तरी डोळे त्यांच्यावरून घसरूनच जाणार. ही चूक बाब जदीदच्या त्या एका दुकानातली माणसंच करू शकत होती. बाहेरच्या शेंबड्या पोरानंही ती केली नसती.

बाहेरच्यांना ते पहिल्या झटक्यात दिसलं. कोणी लिहिलं, म्हातारा बघा, खिशातून पाव काढतोय. कोणी लिहिलं, भिंतीवरून उचलला असेल. ट्यूनिसमध्ये उरलेला पाव कचऱ्यात टाकत नाहीत, ते पाप. पिशवीत घालून भिंतीच्या खिळ्याला अडकवतात. मेंढ्यावाले येऊन घेऊन जातात. म्हणजे त्या लिहिणाऱ्यानं एका इस्त्रीच्या कोटातल्या माणसाला मेंढ्यांच्या पंगतीला बसवलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण खाण्यापिण्याचं एक मोठं पान चालवणारा शिहेब नावाचा तरुण होता. साऱ्या देशात त्याला बघणारे. त्यानं नेमका तेवढाच तुकडा कापला, त्यावर रडकी बासरी घातली आणि खाली लिहिलं, "आपल्या देशातली ही वेळ बघा. चला, या आजोबांना मदत करू या." लोकांनी डोळे पुसले, पैसे पाठवले आणि तो व्हिडिओ पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे वेशीपर्यंत रांग. उल्फानं कॉल सेंटरमध्ये आजारी असल्याचं कळवलं आणि वाडगे धुवायला उभी राहिली. दलेंदाही आधी खूश झाली, खोटं कशाला बोला. हंडा सकाळीच रिकामा झाला. तिनं कमरेवर हात ठेवून दुकानभर नजर फिरवली, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी तीन अनोळखी पोरी ओठांचे चंबू करून फोटो काढत होत्या. तिसऱ्या दिवशीही सी तैयब आला नाही. मबरूका आली नाही. वसतिगृहातली पोरं आली नाहीत. इतकी वर्षं ज्यांच्याकडे तिनं बघितलं नव्हतं, त्यांच्या रिकाम्या जागा तिला आता बरोबर दिसायला लागल्या.

"सी तैयब आजारी आहे का हो?" तिनं अम बशीरला विचारलं.

अम बशीरनं हातोडा खाली ठेवला आणि मोबाईल तिच्यापुढे धरला. बासरी वाजली. "त्याच्या मुलीनं तिकडे फ्रान्समध्ये हे बघितलं," तो म्हणाला. "तिनं रडत फोन केला, बाबा, तुम्ही भिंतीवरचा पाव खाता? तेव्हापासून तो घरात बसलाय. दुकानाच्या वाटेनं मशिदीलासुद्धा जात नाही, वळसा घालून जातो."

उल्फा मागून बघत होती. "आई, मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला गं. मला दिसलाच नाही. शपथ."

"माहीत आहे. मलाही नाही दिसला," दलेंदा म्हणाली. "बघायचं नाही हे तुला मीच शिकवलं. ते शिकवलं त्यात काही चुकलं नाही. रडू नकोस, तो व्हिडिओ काढून टाक."

उल्फानं आपला काढून टाकला. शिहेबचा कोण काढणार?

दुपारी दलेंदा सी तैयबच्या दाराशी गेली. त्यानं दार उघडलं, तिला आत बसवलं, कॉफी केली, जिऱ्याची चौकशी केली. रागाचा एक शब्द नाही. त्यानं आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"सी तैयब, उद्या या," ती म्हणाली. "माझं डोकं फोडा, पण या."

"तुझ्यावर राग नाही, पोरी. हा पाव मी बेकरीतून विकत घेतो. रात्री अर्धा खातो, सकाळी अर्धा तुझ्याकडे आणतो. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच." त्यानं कपातली कॉफी हलवली. "पण आता मी आत आलो आणि खिशात हात घातला, की दुकानातली प्रत्येक नजर माझ्या हातावर येणार. तू सगळ्यांना दम देशील, मग ते नजर वळवतील. ते तर त्याहून वाईट. सांग, मी पाव कुठून काढू?"

जिच्यापुढे अख्खी गल्ली गप्प होते ती बाई त्या दिवशी कॉफी तशीच टाकून खाली मान घालून घरी आली. रात्रभर तिनं आधी स्वतःला आणि मग त्या बासरीवाल्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

आणि सकाळी तोच दारात हजर. शिहेब. दाढी कोरलेली, सोबत कॅमेरावाला, हातात जाडजूड पाकीट.

"खालती दलेंदा! ओळखलंस का? तुझं दुकान मीच मोठं केलं."

दलेंदानं मागे वळून दुकानाकडे पाहिलं. "आहे तेवढंच आहे की. चार टेबलं."

शिहेब हसला. "लोकांनी आजोबांसाठी पैसे पाठवलेत. आज आपण ते त्यांना इथेच देऊ, त्याच कोपऱ्यात. तू फक्त त्यांना बोलावून घे. बघ, अख्खा देश रडेल."

"का? अख्ख्या देशाला दुसरं काम नाही?"

"खालती, हे पुण्य आहे."

"पुण्य करणाऱ्याला कॅमेरावाला लागत नाही." तिनं पळी हंड्याच्या काठावर आपटली. "त्या माणसानं तुझ्याकडे काही मागितलं? तुझ्या दारात आला? तू त्याला विचारलंस की बाबा, तुमच्या तोंडावर बासरी वाजवू का? पाकीट उचल, ज्याचे पैसे त्याला परत कर, आणि तो व्हिडिओ काढ."

"व्हिडिओ आता माझा राहिला नाही, सगळीकडे गेलाय. आणि खालती, जरा विचार कर. मी तुझ्या विरोधात एक टाकला तर ही रांग उद्या दिसायची नाही."

आता ही धमकी होती. दलेंदाला चाळिसाव्याच्या दिवशीचा मुन्सिफ आठवला. तोही असाच मायेनं बोलला होता.

"टाक," ती म्हणाली. "रांग नव्हती तेव्हाही मी इथे उभी होते. आता बाजूला हो, माणसांना भूक लागलीय."

तो गेला, पण जाताना दारात उभा राहून काहीतरी चित्रित करून गेला. दलेंदानं त्या दिवशीचा हंडा संपवला, हात पुसले आणि बेकरीवाल्याला निरोप धाडला की उद्यापासून पावाचं पोतं पाठवू नकोस. मग उल्फाला म्हणाली, "तुझा तो फोन काढ. मला बोलायचंय. कापायचं नाही, संगीत घालायचं नाही."

उल्फानं फोन धरला. दलेंदा हंड्याशेजारी उभी राहिली, रुमाल घट्ट केला आणि लोहार गल्लीत जशी बोलते तशीच बोलली.

"मी दलेंदा. उद्यापासून माझ्या दुकानात पाव मिळणार नाही. कोणालाच नाही. वकील असो, मंत्री असो, फ्रान्सहून आलेला असो. लबलाबी खायची तर पाव घरून आणायचा. खिशातून आणा, पिशवीतून आणा, डोक्यावर घेऊन या. सगळ्यांना एकच भाव, आणणाऱ्याचा. विसरलात तर शेजाऱ्याकडे मागा. लाज वाटत असेल तर पिझ्झा खा." मग तिनं एप्रनच्या खिशातून स्वतःचा अर्धा पाव काढला, कॅमेऱ्यासमोर वाडग्यात मोडला आणि त्यावर रस्सा ओतला. "हा माझा. कालचा. आता वाजवा बासरी."

उल्फानं फोन खाली घेतला. "आई, सगळ्यांना कमी भाव? आणि सकाळी सकाळी पाव बरोबर घेऊन कोण निघतं? दुकान बसेल गं."

"बसलं तर बसलं. पण बसेल ते माझं दुकान बसेल. त्या पोराचं तमाशाचं दुकान माझ्या छपराखाली चालणार नाही."

मुन्सिफला हे कळलं तेव्हा तो धावत आला आणि वहिनीला वेड लागलंय असं त्यानं गल्लीभर जाहीर केलं. पहिल्या सकाळी त्याचंच खरं वाटलं. रांगेतले लोक आत यायचे, टोपली शोधायचे, मग दलेंदाशी वाद घालायचे. एक जण म्हणाला, "हॉटेलात पाव नाही म्हणजे हमामखान्यात पाणी नाही." दलेंदा म्हणाली, "मग आंघोळ घरी कर." तो गेला. बरेच गेले. फोटो काढणाऱ्या पोरी गेल्या. हंडा अर्ध्याहून जास्त उरला आणि दलेंदा त्याच्यामागे तशीच ताठ उभी राहिली, जशी हेदी गेल्यावर पहिल्या दिवसांत राहिली होती.

मग अम बशीर भट्टीवरून आला. काखेत लांबलचक पाव. तो त्यानं मुद्दाम सगळ्या गल्लीला दिसेल असा मिरवत आणला होता. दुसऱ्या दिवशी सगळे लोहार आले, काजळलेल्या हातांत पाव. त्याच्या पुढच्या दिवशी कोर्टातला एक वकील अशिलाच्या कागदांच्या पिशवीतून पाव काढताना दिसला, आणि कॉल सेंटरमधल्या उल्फाच्या मैत्रिणी लॅपटॉपच्या बॅगांतून. तरुण पोरं स्वतःच्या पावांचे फोटो टाकायला लागली. मोटारसायकलीला बांधलेला पाव, आजीच्या टोपलीतला पाव, वरून 'खालतीकडे निघालो' असं लिहिलेलं. शिहेबनं आपला विरोधातला व्हिडिओ टाकला, 'गिऱ्हाईकाला पाव न देणारी उर्मट बाई'. त्याखाली लोकांनी त्यालाच विचारलं, तुझा पाव कुठाय? उल्फाला काही करावंच लागलं नाही. रांग पुन्हा वेशीपर्यंत गेली. या वेळी रांगेतल्या प्रत्येकाच्या हाताशी, खिशात, काखेत पाव होता.

मबरूका परत आली. वसतिगृहातली पोरं आली. दलेंदाचे डोळे मात्र दाराकडेच.

सी तैयब एका शनिवारी आला. लाल टोपी, इस्त्रीचा कोट. दुकान खच्चून भरलेलं. कोणी पिशवीत हात घातलेला, कोणी जॅकेटात, कोणी बायकोच्या पर्समध्ये. तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, वाडगा घेतला आणि कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. कोणी बघितलं नाही. कोणाला बघायला सवडच नव्हती. जो तो आपल्या पावाशी झटत होता. दलेंदानं हंड्याकडे तोंड फिरवलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दाखवायची तिची इच्छा नव्हती.

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "खालती, कॅमेरा आणलेला नाही. एकटाच आलोय. एक वाडगा मिळेल?"

"पाव?" मागे न वळता दलेंदानं विचारलं.

"विसरलो."

"शेजाऱ्याकडे माग."

दुकान भरलेलं. शिहेबला उभं राहायला एकच जागा उरली होती. तो कोपऱ्यात सरकला, शेजारी बघितलं आणि त्याची मान खाली गेली. ज्या चेहऱ्यावर त्यानं बासरी वाजवली होती तो चेहरा हातभर अंतरावर होता.

सी तैयबनं आपला पाव मधोमध मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "भिंतीवरचा नाही."

शिहेबनं दोन्ही हातांनी तो घेतला.

"तुकडे बारीक कर, बाळ. मोठे केलेस तर आतून कोरडे राहतात."

दलेंदा हंड्याकडे तोंड करून पळी फिरवत राहिली. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं दोन वाडगे तिच्यापुढे आले. दोन्हींत एकाच पावाचे तुकडे होते. तिनं दोन्हींवर सारखाच रस्सा ओतला आणि सी तैयबच्या वाडग्यात जिरं जरा जास्त घातलं.